वाळूची खातेवही

पाडव्याच्या आगेमागे पेठेतला व्यापारी जुनी वही मिटतो आणि नवी उघडतो. वर्षभरात कोणाकडून किती आले, कोणाला किती गेले, काय शिल्लक उरले, याचा ताळा त्या दिवसांत लागतो. निसर्गाच्या घरीही अशा कितीतरी वह्या चालू असतात. फक्त त्यांवर हळदकुंकू वाहायला कोणी जात नाही. त्यांपैकीच एक वही आहे वाळूची. तिच्यातली ‘नावे’ची रक्कम पडते समुद्रकिनाऱ्यावर आणि ‘जमा’ची रक्कम जाते नद्यांमधून, अगदी आपल्या नांदेड-लातूरच्या नद्यांमधूनसुद्धा. या दिवाळीत ही वही जरा चाळून पाहावी असे मनात आहे.

पुष्कळ वाचक म्हणतील की, आमचा आणि समुद्राचा संबंध तो काय! सुटीत कोकणात गेलो, मुलांनी शंखशिंपले वेचले, येताना चपलांतून चिमूटभर वाळू घरी आली, झाले. पण आपण समुद्राला विसरलो तरी समुद्र आपल्याला विसरत नाही. २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी बंगालच्या उपसागरातले एक चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढले. त्याचे नाव मोठे नाजूक होते: ‘गुलाब’! जमिनीवर आले की वादळाला समुद्राची ऊब आणि वाफ मिळेनाशी होते आणि त्याचा वारा उतरतो. पण पोटातले पाणी काही लगेच संपत नाही. ते पाणी घेऊन गुलाब तेलंगणातून आपल्याकडे आले. २७ आणि २८ सप्टेंबरला लातूर, नांदेड, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत त्याने हाहाकार उडवला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले, पुरात अडकलेल्या माणसांना बोटींनी आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. आणि पुढची मौज ऐका. तेच वादळ पश्चिमेकडे सरकत अरबी समुद्रात उतरले, तिथे त्याला नवे बळ आले, ‘शाहीन’ असे नवे नाव मिळाले आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळले. दोन समुद्रांच्या प्रवासात मराठवाडा हा त्याचा वाटेवरचा मुक्काम ठरला.

आपल्याकडे वादळ असे पाऊस होऊन येते. पण ज्या किनाऱ्यावर ते आधी उतरते, तिथे काय घडते? आपल्या वहीचे पहिले पान तिथेच लिहिले जाते.

वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो. हवेचे ओझे उतरले की त्याखालचे समुद्राचे पाणी किंचित वर उचलले जाते. हिशेब अगदी सोपा आहे: दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते. म्हणजे दाब पन्नास मिलिबारने घसरला तर अर्धा मीटर. पण ही केवळ सुरुवात. खरा जोर वाऱ्याचा. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ असला म्हणजे वाऱ्याने ढकललेल्या पाण्याला खाली जायला वाव उरत नाही आणि ते जमिनीवर चढत जाते. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी कृष्णेच्या मुखाजवळ दिवी भागात पाण्याची अशी भिंत पाच मीटरच्या आसपास उंच आली होती. सरकारी आकड्यानुसारच त्या रात्री सुमारे दहा हजार माणसे गेली.

या चढलेल्या पाण्यावर स्वार होऊन लाटा येतात. एरवी जिथे लाट पोचत नाही, त्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत त्या धडकतात. वादळी लाट उंच, उभी आणि घाईची असते. पहिली मागे फिरते न फिरते तोच दुसरी येते, आणि परतणारे पाणी जाताना ओंजळीओंजळीने वाळू ओढून नेते. एका रात्रीत किनारा कंबरभर खचलेला दिसतो. ही झाली वहीतली ‘नावे’ची रक्कम.

आता यातली खरी गंमत पाहा. ही ओढून नेलेली वाळू सगळी बुडीत जात नाही. बरीचशी थोड्याच अंतरावर, पाण्याखाली, एका लांबट बांधासारखी साचते. मग पुढच्या लाटा या बांधावरच अडखळून फुटतात आणि किनाऱ्याला पोचेपर्यंत त्यांचा दम संपतो. म्हणजे किनारा स्वतःचीच वाळू पुढे टाकून स्वतःचे रक्षण करतो! वादळ निवले की संथ, लांब पल्ल्याच्या लाटा येऊ लागतात आणि त्या हीच वाळू हळूहळू परत किनाऱ्यावर आणून लावतात. न्यायला एक रात्र पुरते. आणायला महिने लागतात, कधी वर्षे लागतात. घरातल्या कर्त्या माणसाने लग्नकार्याला ठेव मोडावी आणि पुढे महिन्याच्या पगारातून ती पुन्हा साठवावी, तसाच हा प्रकार.

कोकणातल्या माणसांना हे पाठ आहे. पावसाळ्यात तिथली पुळण खाली उतरते, एरवी झाकलेले खडक उघडे पडतात. आणि पावसाळा सरला, समुद्र शांत झाला की वाळू पुन्हा चढू लागते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले, तेव्हा सुरूची बने आडवी झाली, नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या पोफळींवर धरते, ती झाडे पुन्हा लावून फळाला येईपर्यंत कित्येक वर्षे जातात. किनाऱ्याची वाळू मात्र कोणी न लावता, कोणी पाणी न घालता परत येऊ शकते. अट एकच: ती वाळू कुठेतरी शिल्लक असली पाहिजे.

कारण प्रत्येक उचल फिटतेच असे नाही. काही वाळू इतकी खोल जाते की संथ लाटेचा हात तिथे पोचत नाही. काही टेकड्यांवरून उडून आतल्या शेतांत आणि गावांत जाऊन पडते. काही किनाऱ्याच्या कडेने दूरच्या दुसऱ्याच गावाला जाऊन लागते. ही तूट भरून काढायला नवी वाळू लागते, आणि मोठ्या मैदानी किनाऱ्यांवर ती नवी वाळू नदी आणते. डोंगराचा खडक फुटतो, त्याचे गोटे होतात, गोट्यांची वाळू होते आणि एकेका पुराबरोबर ती थोडी थोडी पुढे सरकते. वाळूचा कण हा घाई नसलेला प्रवासी आहे. एका पावसाळ्यात थोडे चालावे, मग वर्षभर एखाद्या वळणावर पडून राहावे, असा त्याचा प्रवास.

आणि येथेच निसर्गाच्या व्यवहारातला चोखपणा दिसतो. जे वादळ किनाऱ्यावरून वाळू उचलते, तेच पुढे आत येऊन नदीच्या खोऱ्यावर पाऊस पाडते. त्या पावसाने पूर येतो, आणि तो पूर पात्रातली वाळू समुद्राकडे ढकलतो. एका हाताने उचल, दुसऱ्या हाताने भरणा! गुलाबने किनाऱ्यावर लाटा आदळवल्या २६ तारखेला आणि मांजरेला पूर आणला २८ तारखेला. हा भरणा करण्याची जागा म्हणजे आपले नांदेड आणि लातूर.

आता नकाशा समोर घेऊ. पाटोद्याच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरात उगवलेली मांजरा लातूर जिल्ह्यातून कर्नाटकात, तिथून तेलंगणात जाते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. त्र्यंबकेश्वरहून निघालेली गोदावरी नांदेडच्या घाटांवरून धर्माबादकडे आणि पुढे बासरच्या सरस्वतीला वळसा घालून जाते. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर अंगाने, माहूर-किनवटकडून, पैनगंगा वाहते. तीही वर्धा-प्राणहितेच्या वाटेने अखेर गोदेलाच भेटते. १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली फाटे फोडते आणि बंगालच्या उपसागरात शिरते. एका फाट्याच्या, वसिष्ठेच्या, मुखाशी अंतर्वेदीचे नरसिंहाचे देऊळ आहे. हिरवागार कोनसीमा याच फाट्यांच्या मधला. हा सारा त्रिभुज प्रदेश नदीने आणलेल्या गाळावाळूचा बनलेला आहे, आणि त्यात आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचाही अंश आहे.

हा किनारा वादळांच्या तोंडचा. आपल्याकडे दिवाळी येते, त्याच सुमारास उपसागरात वादळांचा दुसरा हंगाम सुरू होतो. २५ नोव्हेंबर १८३९ रोजी गोदावरीच्या मुखाजवळचे कोरिंगा हे गजबजलेले बंदर असेच एका वादळाने उद्ध्वस्त केले. पुढे ते पूर्वीसारखे उभे राहिले नाही. ६ नोव्हेंबर १९९६ च्या वादळाने कोनसीमातल्या नारळीच्या बागा मोडल्या आणि शेकडो माणसे नेली. २८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री ‘मोंथा’ वादळ नरसापूरच्या बाजूने याच टापूत शिरले.

इतकी वादळे पचवूनही हा त्रिभुज प्रदेश पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात पुढे सरकत होता, कारण नदीचा भरणा चालू होता. काकीनाडासमोर होप बेट नावाचा सुमारे सोळा किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा आहे. तो बहुतांशी गेल्या दोनएकशे वर्षांत गोदावरीच्या वाळूने तयार झाला. लाटांनी मुखाजवळची वाळू उत्तरेकडे सरकवत नेली आणि तिची ही भिंत उभी राहिली. काकीनाडा बंदराला ती आयती आडोशाला लाभली आहे.

मग बिघडले कुठे? विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००४ साली याचा हिशेब मांडला. १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ समुद्राकडे नेत होती. १९९० च्या दशकात हा आकडा ६ कोटी टनांच्या आत आला. आणि १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत त्रिभुज प्रदेशाची जमीन वाढण्याऐवजी सुमारे १८ चौरस किलोमीटरने घटली. जमा कमी झाली, नावे तेवढेच राहिले; किंबहुना समुद्राची पातळी जगभर वर्षाला तीनचार मिलिमीटरने चढत असल्यामुळे ते वाढलेच. अशी वही कोणत्या शेठजीची चालेल?

जमा घटण्याचे मोठे कारण म्हणजे आपण अडवलेले पाणी. वाहते पाणी वाळू उचलते ते वेगाच्या बळावर. धरणाच्या जलाशयात शिरताच पाणी संथ होते. मग आधी गोटे, नंतर वाळू, शेवटी बारीक गाळ असे ओझे ते खाली ठेवते. वरचे निर्मळ पाणी पुढे जाते, वाळू मागे राहते. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ पासून आहे. त्याखाली ढालेगाव, मुद्‌गल, दिग्रस, विष्णुपुरी, बाभळी अशी बंधाऱ्यांची रांग आहे. त्याही खाली तेलंगणात पोचमपाड येथे श्रीरामसागराचा प्रचंड जलाशय आहे, आणि त्याचा फुगवटा धर्माबादच्या बाजूला येऊन टेकतो. बाभळीचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. पण तिथून सुटलेली वाळू श्रीरामसागरात जाऊन विसावते. मांजरेची कथा याहून जुनी. तेलंगणात तिच्यावर निजामसागर बांधून झाला १९३१ मध्ये, आणि चार-पाच दशकांतच त्याचा निम्म्याहून अधिक साठा गाळाने भरला. लातूर-बीदरकडच्या शेतांतली काळी माती तिथे तळाशी जाऊन बसली. किनाऱ्याला वाळू मिळाली नाही आणि आपल्या शेताला माती उरली नाही. अतिवृष्टीनंतर तलाठ्याच्या पंचनाम्यात ‘जमीन खरडून गेली’ असे शब्द येतात. त्या खरडलेल्या जमिनीचा पुढचा पत्ता बहुधा एखाद्या धरणाचा तळ असतो.

याचा अर्थ धरणे नकोत असा कोणी काढू नये. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरला धरणाचे मोल सांगायला नको. पण प्रत्येक सोयीची किंमत कुठे ना कुठे कोणीतरी मोजत असतो, आणि तो कोण हे ठाऊक असावे.

तो कोण, हे पाहायचे तर उप्पाडाला जावे. आपल्याकडच्या भगिनींना हे नाव ओळखीचे आहे, कारण उप्पाडा जामदानी साडी नांदेड-लातूरच्या दुकानांतही मिळते. त्या साडीचे हे गाव काकीनाडाच्या उत्तरेला, अगदी समुद्राला लागून आहे. तिथे समुद्र वर्षानुवर्षे आत येतो आहे. घरे गेली, देवळे गेली, किनाऱ्याचा रस्ता प्रत्येक मोठ्या वादळात उखडतो आणि पुन्हा बांधावा लागतो. दगड टाकून पाहिले, वाळू भरलेल्या लांबलचक पिशव्यांची भिंत रचून पाहिली. उप्पाडाच्या झिजेला बंदराची बांधकामे आणि वाळूच्या दांड्याची वाढ अशी जवळची कारणेही आहेत. सगळा दोष धरणांच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. पण ज्या किनाऱ्याच्या खात्यात शिल्लक कमी, त्याला असा प्रत्येक धक्का अधिक लागतो, एवढे खरे.

हे दुखणे एकट्या गोदावरीचे नाही. ईजिप्तमध्ये नाईल नदीवर आस्वानचे उंच धरण १९७० मध्ये पुरे झाले, आणि तिच्या मुखाकडचा रोझेटाचा किनारा झपाट्याने मागे हटला. अमेरिकेत मिसिसिपीच्या मुखाजवळची शँडलर बेटे २००५ च्या ‘कत्रिना’ वादळाने इतकी धुऊन नेली की त्यांचा फारच थोडा भाग पाण्यावर उरला. हॉलंडच्या लोकांनी तर वहीचा हिशेब अक्षरशः हातात घेतला. २०११ साली त्यांनी हेगजवळच्या किनाऱ्यासमोर दोन कोटी घनमीटरहून अधिक वाळू एकदम ओतली, आणि ती किनाऱ्यावर पसरायचे काम वाऱ्यावर व लाटांवर सोपवले. म्हणजे जे काम नदी फुकट करते, ते करायला एका श्रीमंत देशाला तिजोरी उघडावी लागली.

आता आपल्या दारातल्या पानाकडे येऊ. धरणात अडकते ती वाळू एक, आणि नदीच्या पात्रातूनच उचलली जाते ती दुसरी. आपण घर बांधायला काढले की वाळू ब्रासने घेतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. भाव विचारतो, घासाघीस करतो, पण ती कोणत्या घाटावरची, लिलावातली की रात्री तराफ्यावरून काढलेली, हे विचारायचे बहुधा राहून जाते. नांदेडजवळ गोदावरीत असे तराफे पकडून नष्ट केल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो आणि पान उलटतो.

इथली वाळू नांदेडहून निघून सरळ उप्पाडाला पोचेल असे नाही. मध्ये श्रीरामसागर आहे. तेव्हा दूरच्या किनाऱ्यासाठी जीव तुटत नसेल, तर आपल्याच घरचा हिशेब पाहा. पात्रातली वाळू हे नुसते बांधकामाचे सामान नाही, ती पाण्याची कोठी आहे. शंभर घनफूट वाळूच्या कणांमधल्या पोकळीत पंचवीस-तीस घनफूट पाणी मावते. म्हणजे दर ब्रासमागे सातशे-आठशे लिटर! चार माणसांच्या घराला दिवसभर पुरून उरेल इतके. वाळूखालचे हे पाणी उन्हाने सहजासहजी उडत नाही आणि ते काठच्या विहिरींना हळूहळू झिरपत राहते. वाळू उपसून खड्डा केला तर खड्ड्यातही पाणी दिसते खरे, पण चैत्र-वैशाखात त्याची वाफ होते. शिवाय पात्र खोल गेले की काठ ढासळतो, बंधाऱ्याचा आणि पुलाचा पाया उघडा पडतो. गुलाबसारखे वादळ पुन्हा येईल तेव्हा पूर हाच कमकुवत काठ आधी शोधील. लाट उघड्या पुळणीला जे करते, तेच पूर उघड्या काठाला करतो.

मग करायचे काय? घर तर बांधायलाच हवे. काँक्रीटला आता खडक दळून केलेली कृत्रिम वाळू चालते. बेसाल्ट खडक आपल्याकडे मुबलक आहे. घर बांधताना अभियंत्याला तेवढे विचारावे. नदीचीच वाळू घ्यायची तर गाडीबरोबर परवान्याची पावती मागावी. मागणाऱ्याला वाईटपणा येत नाही. न मागणाऱ्यामुळे तराफा चालतो. शेती असलेल्यांनी बांधबंदिस्ती राखावी, म्हणजे माती शेतात राहील आणि धरण धरण राहील.

वादळे काही आपल्या हातची नाहीत. ती पूर्वी आली, पुढेही येतील. अलीकडे तर अरबी समुद्रातही ती वाढली आहेत. उचल करणे हा त्यांचा स्वभाव आहे, आणि इतकी शतके किनाऱ्यांनी ती सोसली, कारण भरणा करणारे हात मोकळे होते. त्या हातांपैकी तीन आपल्या अंगणातून जातात: गोदावरी, मांजरा आणि पैनगंगा. पाडव्याला घरची वही उघडाल, तेव्हा या तिघींच्या नावाचे एक पान मनात जरूर राखा, आणि त्यावर निदान आपल्या हाताने खोटी उचल पडू देऊ नका. दिवाळीच्या सर्व वाचकांना शुभेच्छा!